वाळूक काकडीच्या जातीचं की खरबुजाच्या?

जिंतूरकडचा शेतकरी
आमच्या कपाशीत आजीच्या काळापासून वाळकं असतात. बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं अन् कपाशीसोबत टोबायचं. यंदा बांधापलीकडं चुलत्यांनी हायब्रीड काकडी लावली, विहिरीजवळ मी खरबूज केलं. परवा एक वाळूक कडूजहर निघालं. आई म्हणते, काकडीनं बिघडवलं. हे बी गेलं तर दुकानात मिळायचं नाही. चुलत्यांना काकडी उपटायला सांगू का?

औंढेकर
वाळूक म्हणजे काकडीच की. कोशिंबीरही तशीच करतो आम्ही.

अंबाजोगाईचे मास्तर
कोशिंबीर होते म्हणून काकडी होत नाही. एक वाळूक वेलावरच पिकू द्या. तडकून फुटेल अन् वास येईल तो खरबुजाचा. काकडी कितीही पिकली तरी हा वास येत नाही. वाळूक, शेंदाड, खरबूज ही तिन्ही एकाच प्रजातीची, कुकुमिस मेलो. काकडी कुकुमिस सटायव्हस. लिनियसनं १७५३ मध्येच दोघींना वेगळी नावं दिली. कूळ एक, कुकुमिस हे घराणंही एक, पण काकडीत गुणसूत्रं १४, वाळकात २४. त्यांचा संकर शेतात आपोआप होत नाही.

तेव्हा दादा, चुलत्यांना काही बोलू नका. बियाण्याला धोका तुमच्या खरबुजाचा अन् बांधावरच्या रानटी शेंदाडांचा. मधमाशीनं त्यांचे पराग आणले तरी यंदाच्या फळाची चव बदलत नाही, कारण गर आईवेलाचा असतो. मिसळ बियांत होते, दिसते पुढच्या साली. तुमचं कडू फळ बहुधा मागच्या सालच्या मिसळीचं. ते खाऊ नका, त्या वेलाचं बीही धरू नका.

बियाण्यासाठी चांगला वेल निवडा. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या बघा: मागं केसाळ गाठ असलेली मादी, नुसत्या देठाची नर. दोन्हींना दोरा बांधा, म्हणजे मधमाशी आत शिरणार नाही. सकाळी नराच्या पाकळ्या काढून पराग मादीला लावा अन् ती पुन्हा बांधा. फळ धरलं की देठाला रंगीत चिंधी.

जिंतूरकडचा शेतकरी
मास्तर, आत्ताच चार कळ्या बांधून आलो. आई विचारते, दोरा देठाला बांधायचा का?

अंबाजोगाईचे मास्तर
देठाला नाही, कळीच्या टोकाला. अन् कळी चेंगरू नये, पण उमलूही नये, एवढाच घट्ट.