चौथीच्या पोरांकडनं व्याख्या पाठ करून घेणं थांबवा

तासगावकर:
पुतणी चौथीत आहे, परिसर अभ्यासाचं पाठांतर चाललेलं, बाष्पीभवनाची व्याख्या तिनं न अडखळता म्हणून दाखवली. मी विचारलं, आपल्या शेडवर चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो, मग बाकीचं तीन किलो गेलं कुठं? गप्प. पोरगी सीझनभर त्याच शेडवर खेळते हो! व्याख्या येते पण डोळ्यासमोर चाललेलं बाष्पीभवन ओळखता येत नाही, मग शिकलं काय? माझं म्हणणं एवढंच की पाचवीपर्यंत आधी बघू द्या, मोजू द्या, नाव नंतर सांगा.

झेडपी_मास्तर_जत:
दादा, लिहायला सोपं आहे. आमच्याकडं दोन शिक्षक आणि चार वर्ग, एका वर्गाला प्रयोग दाखवत बसलो की दुसऱ्या वर्गात गोंधळ, वरनं ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. पालक येऊन स्कॉलरशिपचं विचारतात, त्या पेपरात भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता, विज्ञान कुठाय? आणि शब्दच आले नाहीत तर सहावीला सामान्य विज्ञानाचं पुस्तक हातात पडल्यावर पोरगं काय करणार? पाठांतराला एवढी नावं ठेवू नका, पाढे पण पाठच करतो ना आपण.

सातारची_आई:
मास्तरांची अडचण खरी आहे पण प्रयोग म्हणजे लॅबच लागते असं कोण म्हणतंय? सांगलीची हळद देशभर जाते, ती पाण्यात कालवून कागदाला लावा, वाळू द्या, वर साबणाचं पाणी टाका, लाल होतो, त्यावरच लिंबू पिळा, परत पिवळा. इकडं शाळा चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघायला सहल नेतात, फोटो काढतात आणि परत येतात, पातं कशानं फिरतं आणि वीज कुठं तयार होते हे एकालाही विचारत नाहीत, याचा मला फार राग येतो.

मिरजकर_७७:
हळदीचा प्रयोग आमच्या पोरानं केलाय. मज्जा आली, पण का झालं विचारलं तर म्हणे जादू. आम्ल आणि आम्लारी हे शब्दच दिले नाहीत तर प्रयोग करमणूकच राहतो. मी मास्तरांच्या बाजूनं.

तासगावकर:
@मिरजकर तिथं थांबलं तर करमणूकच, पटतंय. पण शब्द देऊन तरी जादू जाते का? चुन्याची निवळी, खायचा सोडा, ताक, चिंच, एकेक लावून बघायला सांगा, कशानं लाल होतो आणि कशानं नाही याचे दोन गट पोरं आपणच पाडतात, तेव्हा त्या गटांना नाव द्या, ते विसरणार नाहीत. आणि मास्तर, बाष्पीभवनाला दोन ओले रुमाल पुरतात, एक दोरीवर टाका, एक प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून शेजारीच ठेवा, मधल्या सुट्टीनंतर पोरांनाच हात लावून बघू द्या. बेदाण्याचं शेड चारी बाजूंनी उघडं का असतं ते त्यातनंच सांगता येतं. सगळे वर्ग एकत्र बसवले तरी चालतंय.

झेडपी_मास्तर_जत:
रुमालाचं जमेल, करतो. पण चाचणीत व्याख्याच विचारली तर मार्क जाणार पोरांचे, पालक मलाच धरणार. आधी प्रश्न बदला.

सातारची_आई:
मग तोच बदलायला लावू की. पावसाळ्यात कपडे वाळायला वेळ का लागतो, हा प्रश्न टाका दोन मार्काला. आमच्याकडं जुलैत घरोघरी पंख्याखाली दोऱ्या बांधलेल्या असतात, पोरं स्वतःच्या मनानं लिहितील.