मदत हवी आहे: शाळेत इतिहास शिकवायला फुकट ऑनलाइन काय मिळेल?

खडूवाली
नमस्कार. शाळेत इतिहास शिकवण्यासाठी फुकट ऑनलाइन साहित्य हवंय. व्हिडिओ, चित्रं, नकाशे, काहीही चालेल. गूगल करून झालंय. एक तर पैसे मागतात, नाहीतर 'आधी चॅनल सबस्क्राइब करा'. सोमवारी तास आहे, तेव्हा जरा पटकन सांगा. विकतचं सुचवू नका.

तिरफळ
इयत्ता? बोर्ड? माध्यम? धडा? 'इतिहास' म्हणजे हडप्पापासून जीएसटीपर्यंत सगळं आलं.

पंचवटीकर
सरकारचं दीक्षा ॲप. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा, त्या धड्याचं साहित्य समोर. विषय संपला.

खडूवाली
दीक्षा माहीत आहे हो. त्याच्यापलीकडे विचारतेय. स्टेट बोर्ड, मराठी. अजून काय असणार?

स्पर्धावीर
सर, माझ्याकडे एमपीएससीच्या आधुनिक महाराष्ट्राच्या नोट्स आहेत, सगळे वनलायनर. राज्यसेवा आणि कम्बाइन दोन्हीला चालतात. मेसेज करा, पीडीएफ पाठवतो.

खडूवाली
मॅडम. आणि मला परीक्षा द्यायची नाहीये.

जुना_फळा
मी निवृत्त आहे, हयातभर इतिहासच शिकवला. मॅडम, व्हिडिओच्या नादी लागू नका. मुलं बघतात, बेल होते, उठून जातात. तुम्ही नाशिकच्या आहात असं प्रोफाइलवर दिसतं. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांनी काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, काढा. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे. पांडवलेण्यांवर त्यात भलं मोठं प्रकरण आहे, तिथल्या कोरीव लेखांच्या भाषांतरासकट. मी तेवढ्यावर अख्खी सहामाही काढायचो.

तिरफळ
सर, ते इंग्रजीत आहे. कितवीला शिकवतात ते अजून कळलेलं नाही आणि तुम्ही १८८३ ला पोचलात.

जुना_फळा
शिक्षकाने वाचायचं, मुलांना सांगायचं. मुलांच्या हातात द्या असं मी कुठे म्हटलं?

ओझरएक्स्प्रेस
एवढी डोकेफोड कशाला? एआयला सांगा, 'सातवीचा धडा, दहा प्रश्न, उत्तरांसकट'. चहा होईपर्यंत सगळं तयार. आता जग कुठे गेलंय.

सातपूरचा_टर्नर
माझ्या भाच्याने प्रकल्पासाठी हेच केलं. कलेक्टर जॅक्सनला पुण्यात मारलं असं छापून आलं आणि पोराने तसंच वहीत उतरवलं. अरे, रँड पुण्याचा, १८९७. जॅक्सन आपल्या नाशिकचा, २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर. त्याला मारणाऱ्या अनंत कान्हेरेंचं नाव इथल्या पोरांना तरी माहीत पाहिजे ना भो.

ओझरएक्स्प्रेस
एखादी चूक होते. पुस्तकात होत नाहीत का?

सातपूरचा_टर्नर
पुस्तकातली चूक सगळ्या वर्गाला एकच असते, पुढच्या तासाला दुरुस्त करता येते. इथे प्रत्येकाची वेगळी. तपासत बसणार कोण, बाईच ना?

खडूवाली
कृपया. सहावी आणि आठवी. सोमवारी सहावीचा सातवाहनांचा भाग आहे. माझे विषय गणित-विज्ञान, इतिहासाचे सर बदलून गेले म्हणून तास माझ्याकडे आलाय. शाळा पेठ तालुक्यात. शाळेत रेंज येत नाही, वर्गात एक टीव्ही आहे, पेनड्राइव्ह लागतो. मी नाशिकहून जाऊन-येऊन करते, त्यामुळे डाउनलोड घरी करू शकते.

तिरफळ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर निम्मा धागा वाचला असता!

खडूवाली
फुकट आणि ऑनलाइन एवढंच महत्त्वाचं वाटलं. असो. पुढे?

लेणीवेडा
सातवाहन आणि गणिताच्या बाई? मग तुमच्यासाठी पांडवलेण्यांतलं १० नंबरचं लेणं. सातवाहनांचा शत्रू क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात (ऋषभदत्त), त्याचा कोरीव लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) ठेव ठेवली. कुठे? गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघटनांकडे. एका श्रेणीकडे २,०००, महिना शेकडा १ दराने. दुसरीकडे १,०००, महिना शेकडा पाऊण. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून २० भिक्षूंना चिवरासाठी (अंगावरच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण.

आता फळ्यावर मांडा. २,००० चं महिन्याचं व्याज २०, वर्षाचं २४०. आणि २० गुणिले १२? २४०. हिशेब चोख. दुसऱ्या ठेवीचं वर्षाचं ९० निघतं, ते भिक्षूंच्या इतर खर्चाला. सरळव्याज पोरं एरवी रडत करतात, हे करतील. विणकरांची संघटना पैसे ठेवून घेते, व्याज देते, म्हणजे श्रेणी काय चीज होती ते व्याख्या पाठ न करता कळतं. व्हिडिओची गरज नाही, लेखाचा एक फोटो पुरे.

खडूवाली
हे भारी आहे. फोटो कुठून? आणि हे मराठीत लिहिलेलं कुठे सापडेल? मला आधी स्वतः वाचायचंय.

लेणीवेडा
फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, 'नाशिक केव्ह्ज' टाकून शोधा. खाली परवाना लिहिलेला असतो, फोटोग्राफरचं नाव दिलं की वापरता येतो. वाचायला वा. वि. मिराशींचं सातवाहन-क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचं पुस्तक. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं, मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा, तिथे पुस्तकांच्या पीडीएफ फुकट असतात. मूळ लेख, मराठी भाषांतर, सगळं त्यात. गॅझेटियरमधली वाचनं जवळजवळ दीडशे वर्षं जुनी, त्यावर विसंबू नका.

जुना_फळा
गॅझेटियरमधलं ते काम भगवानलाल इंद्रजींचं आहे. 'जुनी वाचनं' म्हणून उडवून लावू नका, मिराशीही त्यांच्याच खांद्यावर उभे आहेत.

लेणीवेडा
उडवून लावलं नाही सर. सहावीच्या बाईंना एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर मराठीतलं सांगेन, एवढंच.

जुना_फळा
बरं. मग विश्वकोशही सांगा. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, फुकट. 'सातवाहन' नोंद तासाच्या आदल्या रात्री वाचून होते. आणि मुलांना एकदा लेणी दाखवाच. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

पंचवटीकर
तिकीट नाही हो, पण पोचणार कसे? २०२७ च्या कुंभाची कामं चाललीत, जिकडेतिकडे खोदून ठेवलंय. काल द्वारका चौकातच अर्धा तास अडकलो.

स्पर्धावीर
सिंहस्थावर प्रश्न येऊ शकतो यंदा. सगळ्यांनी नोंद करून ठेवा.

पंचवटीकर
मी ट्रॅफिकबद्दल बोलतोय.

खडूवाली
सहल आत्ता शक्य नाही, परवानगी आणि गाडीभाडं दोन्हीचा प्रश्न आहे. टीव्हीवर काय दाखवू ते सांगा. आणि आठवीसाठी काळाराम सत्याग्रह.

चांदीची_अधेली
टीव्हीवर जोगळटेंभीची नाणी दाखवा. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, १९०६ मध्ये तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. त्यातल्या दोन तृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नीट पाहिलं तर नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतो. असं एकच नाणं पडद्यावर मोठं करून विचारा, 'कोण हरलं?' पोरं बरोबर सांगतात. अंजनेरीला नाणी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, पेठपेक्षा जवळ पडेल तुम्हाला. आधी फोन करून जा.

तिरफळ
आठवीसाठी: डॉ. आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे शासनाने काढलेले खंड पीडीएफमध्ये मिळतात. अठरावा खंड मराठी भाषणांचा, तीन भागांत. सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्या तारखेच्या आसपासचं बघा. दादासाहेब गायकवाडांचं नाव आवर्जून घ्या, ते याच जिल्ह्याचे. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा लगेच जोडा, ती या सत्याग्रहापासून तोडून शिकवली तर मुलांना कारणच कळत नाही.

ओझरएक्स्प्रेस
एवढं डाउनलोड करण्यापेक्षा शाळेत वायफाय का नाही घेत?

खडूवाली
तुम्ही टॉवर बसवून देताय का?

सातपूरचा_टर्नर
रेंज नाही ना, मग किविक्स घ्या. फुकट आहे. त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवता येतो, नंतर नेट लागत नाही. मोबाइलवर, लॅपटॉपवर चालतं. दीक्षातलं साहित्यसुद्धा ॲपमध्येच घरून उतरवून ठेवा, शाळेत तसंच चालतं. मोबाइल टीव्हीला जोडता आला तर उत्तम.

खडूवाली
जोडता येत नाही, फक्त पेनड्राइव्ह. मिराशींची पीडीएफ मिळाली, उषवदाताचा लेख सापडला. पण आधी नमुन्याला एक पीडीएफ पेनड्राइव्हवर टाकून नेली होती. टीव्ही 'फाइल सपोर्टेड नाही' म्हणतो. दुसरा ६४ जीबीचा ड्राइव्ह तर ओळखतच नाही.

सातपूरचा_टर्नर
बऱ्याच टीव्हींना पीडीएफ उघडत नाही. हवं ते पान जेपीजी करा, फोटो म्हणून दिसेल. मोबाइलवर स्क्रीनशॉट काढला तरी भागतं. फाइलींना ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत द्या म्हणजे क्रमाने येतील. मराठी नावं असली तर काही टीव्ही चौकोन दाखवतात. ६४ चा ड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट फॉरमॅटचा असेल, जुन्या टीव्हीला तो चालत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ३२ जीबीच्या वर एफएटी३२ चा पर्याय येत नाही, म्हणून ३२ चाच घ्या आणि एफएटी३२ करा. फॉरमॅटच्या आधी आतलं काढून ठेवा. एक फाइल ४ जीबीच्या आत.

खडूवाली
३२ चा घरात आहे. करून बघते.

गोदाकन्या
हा धागा आत्ता पाहिला. दहावीच्या भूगोलासाठी, ब्राझीलवर, मराठीत, असं काही आहे का?

तिरफळ
वेगळा धागा काढा. आणि त्यात माध्यम, रेंज, टीव्ही, सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.