नोंदच नसलेल्या गावासाठी फॉर लूप दोनदा का फिरतो?

प्रश्न (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या शेतकरी गटाने या हंगामात अकरा गावांतील कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावले आहेत. सापळ्यांत अडकलेले पतंग रोज सकाळी मोजून वहीत लिहिले जातात. आठवड्याच्या शेवटी मी ते आकडे आर या संगणकभाषेत घेते आणि प्रति सापळा ८ पतंग सलग ३ दिवस, या आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून पाहते. २०१७ चा हंगाम आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. फवारणीचा निर्णय लोक या तक्त्यावरून घेतात, म्हणून तो चुकता कामा नये.

गावांची यादी ठरलेली असल्याने गावाचा स्तंभ मी फॅक्टर, म्हणजे संभाव्य नावांची यादी सोबत ठेवणारा स्तंभ, केला आहे. स्प्लिटने गावनिहाय तक्ते करून प्रत्येक तक्त्यावर (ग) फॉर (आय इन १:एनरो(ग)) असा लूप चालवते; एनरो म्हणजे तक्त्यातील ओळींची संख्या. गेल्या आठवड्यात नाल्याला पूर असल्यामुळे एका गावात कोणी पोहोचू शकले नाही. त्या गावाची पाळी येताच इफ (ग$पतंग[आय] >= ८) या ओळीवर, खरे की खोटे ठरवण्यासाठी लागणारी किंमत गहाळ आहे, अशा अर्थाचा एरर आला. मूळ फाइल दोनदा तपासली. तीत एकही एनए (गहाळ किंमत) नाही. एनए असल्यास ती फेरी सोडावी अशी अट घातली, तर त्या अटीवरच लांबी शून्य असल्याचा दुसरा एरर आला. ज्या तक्त्यात एकही ओळ नाही, त्यावर लूप फिरतोच कसा?

लूपच्या आधी, टंकताना एखादे शून्य जास्त पडलेल्या नोंदी सगळ्या गावांच्या एकत्र तक्त्यातून (त) गाळण्यासाठी त[-व्हिच(त$पतंग > ३००), ] अशी एक ओळ आहे. तिचा याच्याशी संबंध नसावा, तरी कळवून ठेवते.

उत्तर १ (वरुड)

ताई, फाइलमध्ये एनए नाही हे आपले म्हणणे बरोबर आहे. तो एनए लूपने तयार केला आहे. फॅक्टरच्या यादीत गाव असले की त्याची एकही नोंद नसली तरी स्प्लिट त्याच्यासाठी शून्य ओळींचा तक्ता देतो, आणि तिथे १:एनरो(ग) म्हणजे १:० होते. आरमध्ये या दोन टिंबांचा अर्थ ‘एकपासून शून्यापर्यंत मोज’ असा आहे. शेवट सुरुवातीपेक्षा लहान असेल तर आर थांबत नाही, उलटे मोजतो. म्हणून १ आणि ० अशा दोन किमती मिळतात. पहिल्या फेरीत रिकाम्या स्तंभातील पहिली किंमत मागितली जाते, ती नसल्यामुळे एनए मिळते. दुसऱ्या फेरीत शून्यावी किंमत मागितली जाते आणि इंटिजर(०), म्हणजे एकही आकडा नसलेली पूर्णांकांची मालिका, हाती येते. त्यावर कोणतीही अट तपासली तरी तिची लांबी शून्यच राहते. आपले दोन एरर हे या दोन फेऱ्यांचे आहेत.

१:एनरो(ग) च्या जागी सेक_लेन(एनरो(ग)) लिहावे. सेक_लेन(०) रिकामी मालिका देते आणि रिकाम्या मालिकेवर फॉर एकदाही फिरत नाही. सेक_अलाँग हेही चांगले आहे, पण ते स्तंभावर वापरावे. अख्ख्या तक्त्यावर वापरल्यास ते ओळी न मोजता स्तंभ मोजते.

सलग तीन दिवस पाहण्यासाठी आपण ३:एनरो(ग) असा दुसरा लूप लिहिला असेल, तर तिथेही हाच दोष आहे. दोनच दिवसांची नोंद असलेल्या गावात तो ३, २ असा उलटा चालेल. तिथे सेक_लेन(एनरो(ग))[-(१:२)] लिहिले की तीनपेक्षा कमी दिवस असताना मालिका आपोआप रिकामी राहते.

उत्तर २ (अचलपूर)

वरील उत्तर पूर्ण आहे, परंतु ज्या ओळीचा संबंध नसावा असे आपण लिहिले आहे, तिची मला अधिक काळजी वाटते. आजपर्यंत दर आठवड्याला एखादी तरी चुकीची नोंद सापडली असेल, म्हणून ती ओळ चालली. ज्या आठवड्यात सर्वांनी आकडे अचूक लिहिले असतील, त्या आठवड्यात व्हिच, म्हणजे अटीत बसणाऱ्या ओळींचे क्रमांक देणारे फंक्शन, रिकामी मालिका देईल. रिकाम्या मालिकेला वजा चिन्ह लावले तरी ती रिकामीच राहते, आणि रिकाम्या मालिकेने ओळी निवडल्या तर एकही ओळ निवडली जात नाही. ‘काहीही वगळू नको’ असे सांगायला जावे आणि आरने ‘काहीही घेऊ नको’ असे ऐकावे, तसे हे आहे. अकराही गावे पुसली जातील, आणि त्या ओळीवर एररसुद्धा येणार नाही.

क्रमांक न काढता अटच उलटवावी: त[!(त$पतंग > ३००), ]. सापळा वाऱ्याने पडला म्हणून पुढे कधी एनए लिहावे लागले, तर मात्र या रूपात त्या ओळीचे गाव आणि तारीखही एनए होतात. त्यासाठी कंसात त$पतंग > ३०० च्या नकाराला ‘किंवा इज.एनए(त$पतंग)’ ही जोड द्यावी, म्हणजे ती ओळ जशीच्या तशी टिकेल.

उत्तर ३ (हिंगणघाट)

लूप दुरुस्त झाल्यावर एरर थांबतील, आणि धोका खरा तिथून सुरू होतो, कारण रिकाम्या मालिकेची बेरीज आर ० देतो. तक्त्यात त्या गावासमोर शून्य छापले गेले, तर वाचणारा शेतकरी पतंग नाहीत असे समजेल. प्रत्यक्षात तिथे कोणी मोजलेच नाही. सरासरी घेतल्यास एनएएन (‘हा आकडा नाही’) येते आणि मॅक्स वजा अनंत देऊन वॉर्निंग देतो, त्यामुळे निदान शंका तरी येते. सर्वांत फसवे म्हणजे ऑल(ग$पतंग < ८). एकही किंमत नसताना त्याचे उत्तर ट्रू असते, कारण अट मोडणारी एकही नोंद सापडत नाही. तर्काला धरून ते बरोबर आहे, परंतु पूर आलेले गाव त्यामुळे सुरक्षित ठरते.

म्हणून गणिताच्या आधी इफ (एनरो(ग) == ०) तपासून त्या गावासमोर ‘नोंद नाही’ असे स्पष्ट लिहावे. इज.नल, म्हणजे वस्तू नल (‘काहीच नाही’) आहे का ही तपासणी, इथे उपयोगी पडणार नाही. शून्य ओळींचा तक्ता हा नल नसतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. चारही बदल करून तक्ता पुन्हा काढला. पुराच्या गावासमोर ‘नोंद नाही’ आले. शिवाय आणखी एका गावात दोनच दिवसांचे आकडे होते आणि माझा दुसरा लूप तिथे खरोखरच ३, २ असा चालत होता. त्या गावासमोर आता ‘दिवस अपुरे’ असे लिहिले आहे. जुन्या आठवड्यांचे तक्तेही नव्याने तपासले. गाळणीच्या ओळीने अजून काही पुसलेले नाही, कारण प्रत्येक फाइलमध्ये किमान एक चुकीची नोंद होतीच. नाल्याचे पाणी उतरले आहे, तेव्हा उद्या सकाळी त्या गावातील सापळे सर्वांत आधी मोजू.