ड्रूल्स: हवे तेवढेच नियम फायर कसे करायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वाहन विम्याचा हप्ता काढायला ड्रूल्स (लिहून दिलेल्या नियमांवरून निर्णय काढणारं सॉफ्टवेअर) वापरतोय. नियमांचे दोन अजेंडा-ग्रुप (एकत्र चालवायचे गट) आहेत: ‘पात्रता’ आणि ‘सवलत’. नूतनीकरणाच्या वेळी फक्त ‘सवलत’ चालवायचा असतो, म्हणून त्यावर सेटफोकस करून (आधी हा ग्रुप घे, असं सांगून) फायरऑलरूल्स करतो, म्हणजे नियम फायर करायला, चालवायला सांगतो. सवलतीचे नियम नीट चालतात, पण ते संपले की ग्रुप न दिलेले जुने नियमही फायर होतात! फोकसचा स्टॅक (चालवायच्या ग्रुपांची रांग) रिकामा होत शेवटी मेन ग्रुपवर येतो, ज्यात ग्रुप न दिलेले नियम असतात; त्याचा हा प्रताप, एवढं लॉगवरून कळलं.

सॅलियन्सने (नियमाला दिलेल्या प्राधान्याच्या आकड्याने) क्रम बदलतो, नियम थांबत नाहीत, त्यामुळे तो उपाय बाद.

आता सगळ्या जुन्या नियमांना ग्रुप द्यायचे, की नियमाच्या नावाच्या उपसर्गावरून नको ते नियम गाळणारा अजेंडाफिल्टर लावायचा? फिल्टर मला जरा जुगाडच वाटतो; उद्या कुणी नियमाचं नाव बदललं की बोंबला.

आणखी एक. सवलतीच्या नियमात हप्ता मॉडिफाय केला (बदलून इंजिनला कळवला) की ग्रुपमधले बाकीचे नियम पुन्हा जागे होतात. नो-लूप ही खूण नियमाला स्वतःच्याच बदलाने पुन्हा जागं होण्यापासून थांबवते, पण फक्त त्या नियमापुरतं. इथे ग्रुप चालू असताना त्यातले नियम पुन्हा जागे होऊ न देणारं लॉक-ऑन-अ‍ॅक्टिव्ह लावलं, तर खरोखर हवा असलेला एखादा नियमही अडकेल का? प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये कुणी वापरलंय?