दाण्यांबरोबर अळ्याही हव्यात

वर्षभर रोज बाजरी ठेवायचा नेम पाळला, चिमण्या येऊन खातात पण परसात घरटं काही करत नाहीत, अशी एकांची तक्रार वाचली. नेम सोडू नका, पण दाणे हे मोठ्या चिमण्यांचं खाणं. पिल्लांना पहिले काही दिवस मुख्यतः किडे, अळ्या, मावा (झाडांवरची बारीक कीड) असंच मऊ खाणं लागतं. ते आसपास नसेल तर नुसत्या बाजरीवर पिल्लं जगत नाहीत.

मला हे कळलं ते दळणामुळे. जानेवारीपासून जवळची कामं पायीच करायची असं ठरवलंय. गिरणीत डबा ठेवून थांबले होते, तर शटरवरच्या पोकळीत चिमणीचं घरटं. खाली पीठ-गहू सांडलेले, तरी मादी शेजारच्या पडीक प्लॉटमधल्या गवतातून हिरवी अळी चोचीत धरून आली! आत नुसता कलकलाट. दळण होईपर्यंत तिच्या चार फेऱ्या झाल्या, चारही गवताकडूनच.

घरी आल्यावर जास्वंदावरच्या माव्यासाठी आणलेलं औषध फवारलंच नाही. कुंपणालगतचं गवतही आता काढत नाही. तुमच्याकडे फवारणी होते का?