तेरसाठी गाईड घ्याच

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की जुनी ठिकाणं बघताना गाईडचे पैसे वाया जातात, मोबाईलवर सगळं वाचता येतं. वेरूळला एकवेळ चालून जाईल, पण धाराशिवजवळच्या तेर गावात मला हे पटत नाही. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलं तगर हे मोठं नगर ते हेच, पण आज गावात शिरल्यावर तसं काही जाणवत नाही. बहुतेक जण गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतात आणि गाडीत बसतात. आम्हीही पहिल्या खेपेला तेच केलं.

दुसऱ्या वेळी गावातल्याच एका निवृत्त गुरुजींना दोन तास सोबत घेतलं. त्रिविक्रम मंदिरात दर्शन झाल्यावर त्यांनी आम्हाला आधी मागच्या बाजूला नेलं. मागची भिंत चौकोनी नाही, अर्धगोल आहे. विटांनी बांधलेला चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, असा असतो, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. समोरून ते लक्षातही येत नाही. मग लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची छोटीशी स्त्रीमूर्ती दाखवली. अशाच घडणीची मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत सापडली होती. आमची लेक त्या काचेपुढून हलेचना.

धाराशिवहून जाणार असाल तर आदल्या दिवशीच गावात फोन करून माणूस ठरवा, आणि त्याला आधी मंदिराच्या मागे न्यायला सांगा.