पोरांच्या धंद्यात आईची मजुरी कोण धरते?

दारव्हा_कोरडवाहू
शाळेतल्या आनंद मेळाव्याचे फोटो टाकून एका भावाने आपल्या ग्रुपवर लिहिलं, "गावच्या मायबापाला पैशाची गोष्टच समजत नाही. पोराला दहाव्या वर्षी छोटा धंदा टाकून द्या, शाळा दहा वर्षांत शिकवत नाही ते दोन महिन्यांत शिकते. माझ्या पोरीने मेळाव्यात पोह्याचं दुकान मांडलं, 40 रुपये लावून 400 चा गल्ला केला." हे डोक्यातून जाऊन नाही राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पोहे, शेंगदाणे, तेल, गॅस घरचं. पहाटे उठून कांदे चिरले ते आईने. पोरीने 40 रुपयांचा सांभार (कोथिंबीर) आणि लिंबं आणली, तेवढीच लागत, म्हणजे खर्च, धरला. गिऱ्हाईक कोण? बाप, काका, गुरुजी. त्यातल्या कोणी सुटे परत घेतले नाहीत. मग पोरगी शिकली काय? माल फुकट येतो, आईची मजुरी शून्य असते, अन् भाव कोणी पाडून मागत नाही. आठवडी बाजारात पालावर बसली तर तासाभरात रडकुंडीला येईल.

माझा पोरगा सहावीत आहे. त्याला धंदा नाही, वही दिली. बियाण्याचं पाकीट 901 रुपये, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचणी, सगळं त्याच्या हाताने लिहून घेतलं. दिवाळीनंतर कापूस विकला तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, आईचे निंदणाचे दिवस कोणत्या पानावर आहेत?" ते पानच नव्हतं. आधी ते पान, मग पोह्याचं दुकान, एवढंच माझं म्हणणं.

अचलपूरचा_मोठा
ती पोस्ट माझी आहे. पोरीच्या प्लेटा मोजायच्या आधी मी ते काहून लिहिलं ते विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या बापाने घरात पैशाचा शब्द काढला नाही. "तू शिक, बाकी आम्ही पाहतो." तेविसाव्या वर्षी बहिणीच्या लग्नासाठी सावकाराकडे अंगठ्याशेजारी सही केली. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभरावर तीन, वर्षाला छत्तीस, हे बी.ए. झालेल्या मला कळलं नव्हतं. दोन एकर गेले. माझी पोरगी खोट्या दुकानात का होईना, नोटा मोजते, सुटे देते, उरलेल्या पोह्याचं काय करायचं याचा विचार करते. तुमच्यासारखी वही लिहून घेणारे बाप गावात किती?

जिप_गुरुजी_यवतमाळ
मेळावा आम्ही बेरीज-वजाबाकी आणि मापं शिकवायला भरवतो, त्याला धंद्याचं शिक्षण म्हणू नका. पण मायबाप स्पर्धा करतात हे खरं आहे. मागच्या वर्षी मजुरांची तीन पोरं मागे उभी होती, मांडायला काही नव्हतं. चौथ्याने रानातली बोरं आणली, पाच रुपयाला ग्लास. अख्ख्या मेळाव्यात खरा धंदा त्या एकाचाच, कष्टही त्याचेच. मी सगळ्यांपुढे त्याचं कौतुक केलं. पुढच्या शनिवारी तो बस स्टँडवर बोरं विकत होता, मग सोमवारीही. आता शाळेत नाही. ते कौतुक मला अजून टोचते. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदा स्पष्ट आहे, बालकलाकार सोडले तर चौदाच्या आतलं लेकरू फक्त घरच्या कामात किंवा घरच्या धंद्यात हात लावू शकते, तेही धोक्याचं नसेल तर, शाळा सुटल्यावर किंवा सुटीत. "पोराला धंदा टाकून द्या" हे वाक्य नोकरदाराच्या घरी छंद असते आणि मजुराच्या घरी शाळा सुटते.

वर्ध्याहून
हा वाद आपल्याच मातीत जवळपास नव्वद वर्षांपूर्वी झाला आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलं की शिक्षण हस्तोद्योगातून द्यावं आणि मुलांच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा. पुढे झाकिर हुसेन समितीने योजना तयार केली, पण अहवालात स्वतःच बजावून ठेवलं की कमाईवर भर पडला तर शिक्षणाचा हेतू मागे पडायचा धोका आहे. गुरुजींचा बोरवाला पोरगा हाच तो धोका.

सेलू_बाजार
टकळी अन् गांधीजी राहू द्या. आईची मजुरी धरत नाही म्हणता, मग आपली कोण धरते? पूर्ण खर्चावर दीडपट भाव द्या म्हणून आपण किती वर्षं ओरडून राहिलो! 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 होता, माझा कापूस खेडा खरेदीवाल्याने 6,800 ने नेला, वरून क्विंटलमागे दोन किलो कट्टी, म्हणजे वजनात कापले. बापालेच लागत मिळत नाही तर पोट्टं काय शिकीन, धूळ?

दारव्हा_कोरडवाहू
भाऊ, हा चर्चेचा धागा लेकरांचा आहे.

सेलू_बाजार
लेकरांचाच आहे. त्या पोरीच्या पोह्यात शाळेची ओसरी फुकट धरली ना? तशीच सरकार आपली जमीन फुकट धरते.

जिप_गुरुजी_यवतमाळ
अर्धं बरोबर, अर्धं चूक. 7,710 हे सरकारने धरलेल्या 5,140 च्या खर्चाच्या दीडपट आहेत. त्या 5,140 मध्ये घरच्या माणसांची मजुरी धरलेली आहे, ए-टू (प्रत्यक्ष केलेला खर्च) अधिक एफ-एल (घरची मजुरी) म्हणतात ते. सुटते ते स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज. ते धरून जो पूर्ण खर्च होतो तो सी-टू, मागणी त्याची आहे.

सेलू_बाजार
कागदावर धरतात! हातात कोण देते? पगारदार माणसाने आम्हाले लागत शिकवू नये.

जिप_गुरुजी_यवतमाळ
माझ्या बापाची पाच एकर कोरडवाहू आजही मीच पाहतो. तोंड सांभाळून बोला.

अचलपूरचा_मोठा
म्हणजे सरकारच्या कागदावर आईची मजुरी आहे, अन् मूळ धागावाल्याच्या वहीत नव्हती. हे त्यांनी आधी कबूल करावं, मग माझ्या पोरीच्या 40 रुपयांवर बोलावं.

बचतगट_घाटंजी
मघापासून वाचून राहिले. चार पुरुष आईच्या मजुरीवर भांडून राहिले, एकानेही सांगितलं नाही की ती मजुरी आईच्या हातात दिली.

माझी पोरगी तेरा वर्षांची आहे. परसातला सांभार अन् मेथी फक्त रविवारच्या बाजारात नेते, मी जोडीला बसते. माल तिला फुकट नाही. ठोकवाला मला जो भाव देते त्याच भावाने ती माझ्याकडून घेते, संध्याकाळी आधी माझे पैसे मोजते, मग उरलेले तिचे. पहिल्या रविवारी तिला अकरा रुपये उरले. दुसऱ्या रविवारी मेथी सुकली, ती माझं नऊ रुपये देणं लागली. मी माफ केलं नाही. सासू मला दगडाची म्हणाली. तिसऱ्या रविवारी सख्ख्या मामीने दोन जुड्या उधार मागितल्या, तर पोरगी म्हणे, "मामी, मायची उधारी माझ्यावर आहे, मी कशी देऊ?" हे तिला कोणत्या वहीने शिकवलं नसतं, भाऊ. अन् फुकटच्या पोह्यानेही नाही.

तान्ह्या पोळ्याला लेकरांना मिळतो तो बोजारा अन् हे पैसे तिच्या खात्यात जातात. दहा वर्षांवरच्या लेकराला स्वतः खातं चालवू देता येते, 2014 पासून. बँकेतल्या माणसाने दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा गटाच्या बाया सोबत नेल्या तेव्हा फॉर्म दिला. परीक्षेच्या महिन्यात बाजार बंद असते, गुरुजी, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

जिप_गुरुजी_यवतमाळ
असं असेल तर माझी हरकत नाही. पण तुम्ही जोडीला बसता. त्या बोरवाल्या पोराच्या जोडीला कोणी नव्हतं, त्याची माय वेचणीला गेलेली होती. त्याच्यासाठी काय करायचं याचं उत्तर तुमच्याकडेही नाही.

बचतगट_घाटंजी
नाही. ते माझ्याकडे नाही.

अचलपूरचा_मोठा
पुढच्या मेळाव्यात पोरीला घरच्या पोह्यांचेही पैसे मोजायला लावतो. गॅसचे कसे धरायचे ते सांगा. बाकी धंदा टाकून द्या हे म्हणणं मी मागे घेत नाही.

सेलू_बाजार
गुरुजी, रागाच्या भरात बोललो. पण सी-टू सोडत नाही.

दारव्हा_कोरडवाहू
ताई, तुमचं वाचून आत्ता पोराला उठवून बसवलं. वहीत नवं पान केलं. आईचे निंदणाचे दिवस 22, अडीचशेच्या मजुरीने 5,500. तिने वेचलेला कापूस चार क्विंटल, किलोला दहाने 4,000. एकूण 9,500. पोराने खाली रेघ मारली आणि विचारतो, "हे आईला केव्हा देणार?" सोसायटीचा हप्ता मार्चमध्ये आहे, म्हणून त्याला एप्रिल सांगितलं. त्याने तारीख लिहून घेतली, 5 एप्रिल, अन् माझी सही घेतली.